महाराष्ट्रात लॉला प्रवेश घेताय? आधी कागद, मग अभ्यास

सीईटीत चांगले मार्क पडूनही मनासारखं लॉ कॉलेज न मिळालेली मुलं दरवर्षी दिसतात. त्यातल्या अनेकांचं घोडं पेपरात अडलेलं नसतं, कागदात अडलेलं असतं. जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी आलेली नसते, नॉन-क्रीमीलेयरची, म्हणजे घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत संपलेली असते, नाहीतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करायची असते हेच माहीत नसतं. घरात कोणी वकील नाही, ओळखीत कोणी लॉ केलेलं नाही, अशा मुलामुलींना हे सांगणारं कोणी नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि नोकरी-संसार सांभाळून वयाच्या चाळिशीत एलएलबी करायचं ठरवलेल्यांसाठीही.

पाच वर्षं की तीन?

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, देताना महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल या दोहोंत फरक करत नाही. बारावीतच मनाशी पक्कं असेल तर पाच वर्षांचा घ्या, एक वर्ष वाचतं. मुंबई विद्यापीठात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तीन वर्षांनंतर बीएलएस ही पदवी मिळते, त्यामुळे पुढे मन बदललं तरी हात रिकामे राहत नाहीत.

पक्कं नसेल तर घाई करू नका. आवडीच्या विषयात पदवी घ्या आणि मग तीन वर्षांच्या लॉला या. ती पदवी वाया जात नाही. बी.कॉम. झालेल्याला करविषयक कामात सुरुवातीपासून पाय रोवता येतात. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल तर पेटंट एजंटची परीक्षा देता येते, नुसत्या एलएलबीवर ती देता येत नाही.

ठरवण्याआधी एक काम जरूर करा: जवळच्या तालुका किंवा जिल्हा न्यायालयात दोन-तीन दिवस जाऊन बसा. न्यायालयाचं कामकाज खुलं असतं, मागच्या बाकावर शांत बसायला कोणाची परवानगी लागत नाही. फोन बंद ठेवा आणि बघा. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, किती प्रकरणं असतात, त्यातल्या किती जणांना नुसती पुढची तारीख मिळते, उलटतपासणी प्रत्यक्षात कशी चालते, ज्युनिअर वकील दिवसभर काय करतात. मालिकांतल्या कोर्टाशी याचं काही नातं नाही. हे पाहूनही पाय तिकडे वळत असतील तर तुम्ही योग्य रस्त्यावर आहात.

पुढचा रस्ताही आत्ताच माहीत असू द्या. एलएलबीनंतर सनदेसाठी नोंदणी करावी लागते आणि ऑल इंडिया बार एक्झाम उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीच्या नावाखाली राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ते थांबवलं. कायद्यात लिहिलेली रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125 रुपये आहे. न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर मे 2025 चा निकाल लक्षात ठेवा: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिली केलेली असण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने परत आणली आहे. म्हणजे कॉलेजातून थेट परीक्षा देऊन न्यायाधीश होण्याचा हिशोब आता मांडू नका.

पात्रता तपासा, अंदाज बांधू नका

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे बारावीला किंवा पदवीला किमान 45 टक्के लागतात. ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40. 44.8 म्हणजे 45 धरतील या आशेवर बसू नका. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर करण्याचं विद्यापीठाचं सूत्र किंवा पत्र आधीच मिळवून ठेवा. पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना सीईटी देता येते, पण प्रवेशाच्या वेळी निकाल हातात हवा.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना नेहमी धाकधूक असते. दहावी, बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. बारावी न करता पूर्वतयारीच्या परीक्षेवर थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे ती पदवी लॉसाठी चालत नाही. हे कळायला उशीर झाला तर वर्षं वाया जातात. अशा स्थितीत असाल तर आधी बारावीचाच विचार करा.

वयाची चिंता सोडा. पाच वर्षांच्या लॉला 20 आणि तीन वर्षांच्या लॉला 30 वर्षांची कमाल मर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला होता, 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. वर्गात बावीस वर्षांची मुलगी आणि तिच्या शेजारी निवृत्त शिक्षक, हे चित्र तीन वर्षांच्या लॉमध्ये नेहमीचं आहे.

कोणती परीक्षा द्यायची

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षाची एमएच सीईटी लॉ द्यावी लागते. तीन आणि पाच वर्षांसाठी ती वेगवेगळी असते. 1855 मध्ये सुरू झालेलं मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, जिथे 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य झाले, तेही याच सीईटीतून आणि पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेजही याच सीईटीतून. परीक्षा संगणकावर होते, प्रश्न पर्यायी असतात, आणि चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात. प्रश्नांची संख्या आणि विभागवार गुण मधून मधून बदलतात, म्हणून जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर विसंबू नका, त्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आहे. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठं आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. क्लॅट आता डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बारावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेआधीच ती देतात. 120 प्रश्न, दोन तास, कागदावर, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव मार्क वजा. पेपर इंग्रजीत असतो आणि जवळजवळ सगळा उताऱ्यांवर. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्वतःची ऐलेट घेतं, सिम्बायोसिसची स्लॅट निराळी.

क्लॅटमागे सगळेच धावतात म्हणून धावू नका. त्या विद्यापीठांची फी मोठी असते, आणि जिल्हा न्यायालयात दिवाणी-फौजदारी वकिलीच करायची असेल तर आपल्या जिल्ह्यातलं चांगलं अनुदानित कॉलेज आणि सोबत एखाद्या जाणत्या वकिलाच्या ऑफिसात संध्याकाळचं काम, ही जोडी कमी नाही. कॉर्पोरेट कंपन्या आणि मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर मात्र क्लॅटसाठी वर्षभर झटण्यात अर्थ आहे.

कागद: सीईटीच्या अर्जाआधी सुरुवात

दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार आणि अधिवासाचा दाखला, एवढं सगळ्यांनाच लागतं. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. अधिवासाचा दाखला म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो, आणि महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात. निकालाच्या हंगामात सेतूबाहेर रांगा लागतात, म्हणून हे काम थंडीतच उरका.

आरक्षणातून अर्ज करणार असाल तर इथे जास्त लक्ष द्या. जातीचा दाखला तर हवाच, त्याशिवाय जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात, ते हवं. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत. समितीला तुमच्या कुटुंबाची जात आणि वास्तव्य ठरावीक तारखेच्या आधीपासून दाखवणारा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गावचा नमुना 14, जुना सातबारा किंवा फेरफार, यातून हा पुरावा उभा राहतो. वडील, काका किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर तिची प्रत जोडा, काम खूप सोपं होतं. पुरावा अपुरा असेल तर समिती दक्षता पथकाकडे चौकशी पाठवते आणि महिने जातात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा बारावीला असतानाच, कॉलेजचं शिफारसपत्र घेऊन अर्ज टाका. कधी कधी सरकार व्हॅलिडिटी सादर करायला मुदतवाढ देतं. ती मिळेलच असं धरून बसू नका.

अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेयर लागतं. त्यावरची मुदतीची तारीख डोळ्यांनी बघा: ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय त्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत ते चालू हवं. 2026-27 चा प्रवेश असेल तर 31 मार्च 2027. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखलाही दरवर्षी नव्याने काढावा लागतो.

लग्न झालेल्या स्त्रियांनी जातीचा दाखला माहेरच्या नावाने आणि वडिलांच्या बाजूच्या पुराव्यावर काढायचा असतो. गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि नाव बदलल्याचं राजपत्र जवळ ठेवा. आणि सीईटीच्या अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच टाका. स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तरी छाननीत अर्ज परत येतो.

अभ्यास

तीन वर्षांच्या सीईटीत कायदाविषयक कल, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी असे भाग असतात. इंग्रजी सोडून बाकी प्रश्न मराठीतही असतात, त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. माझं मत असं की सराव मराठीत केला तरी कायद्याचे शब्द दोन्ही भाषांत पाठ असू द्या, कारण पुढे पुस्तकं आणि उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीतच वाचायचे आहेत. जिल्हा आणि तालुका न्यायालयात मात्र तुमचं मराठी हेच तुमचं बळ असेल. दाव्याची कैफियत नेमक्या मराठीत लिहिणारे वकील तिथे हवेच आहेत.

कायदाविषयक कलाच्या भागात अनेक प्रश्न असे असतात की एक तत्त्व दिलेलं असतं, एक प्रसंग दिलेला असतो, आणि ते तत्त्व लावून उत्तर काढायचं असतं. उदाहरण घेऊ. तत्त्व: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय प्रवेश करणं हे अतिक्रमण आहे, हेतू काहीही असो. प्रसंग: सुटलेली शेळी पकडायला एक मुलगा शेजाऱ्याच्या कुंपणाआत शिरतो आणि काहीही नुकसान न करता बाहेर येतो. मनाला वाटतं, बिचाऱ्याची काय चूक! पण तत्त्वात हेतू बाजूला ठेवलेला आहे आणि नुकसानीचा उल्लेखच नाही. म्हणून उत्तर: अतिक्रमण झालं. तुमची न्यायबुद्धी किंवा बाहेरची माहिती मधे आणली की असे प्रश्न चुकतात. दिलेल्या तत्त्वातला प्रत्येक शब्द वाचायचा आणि त्याच्या पलीकडे जायचं नाही.

संविधानासाठी गाईडऐवजी मूळ मजकूर घ्या. उद्देशिका, मूलभूत हक्क, विशेषतः अनुच्छेद 14, 19, 21 आणि 32, मार्गदर्शक तत्त्वं, राष्ट्रपती, संसद, न्यायव्यवस्था आणि उच्च न्यायालयांचा अनुच्छेद 226, एवढं मनापासून वाचलं तरी मोठा टप्पा पार होतो. मराठीतलं संविधान सहज मिळतं.

पुस्तक विकत घेताना छापल्याचं वर्ष बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले आहेत. खुनाची शिक्षा जुन्या कायद्यात कलम 302 मध्ये होती, आता ती न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये आहे. मोठ्या भावाची जुनी पुस्तकं तर्कशक्तीसाठी वापरा, कायद्यासाठी नको.

मार्क कापत नाहीत म्हणून सीईटीत एकही प्रश्न सोडायचा नाही. वेळ लावून सराव परीक्षा द्या, संगणकावर. माउस आणि पडद्याची सवय नसलेल्या मुलांचा पहिल्या वीस मिनिटांत गोंधळ उडतो.

कॅप: इथे सगळ्यात जास्त सावध राहा

सीईटी दिली म्हणजे प्रवेशासाठी अर्ज केला असं होत नाही. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी आणि वेगळी फी असते. कागद अपलोड करायचे, मग छाननी होते. त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्या लॉगिनला परत येतो आणि दुरुस्तीला मोजके दिवस असतात. या काळात रोज लॉगिन करून बघा, मेसेज येईल म्हणून थांबू नका. नेट कॅफेवाल्याकडून फॉर्म भरून घेतला असेल तर पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक तुमचाच असल्याची खात्री करा. हे मी कळकळीने सांगतोय. दुसऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जाऊन मुदत टळलेली मुलं पाहिली आहेत.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की स्वतःची ओळ शब्दन् शब्द तपासा: प्रवर्ग बरोबर लागला का, महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून धरलं का. हरकत घ्यायची वेळ तीच. अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही.

मग पसंतिक्रम भरायचा. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात, ते समोर ठेवा. यादी तुमच्या आवडीच्या क्रमाने लावा, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नव्हे. वरचं कॉलेज आधी टाकल्याने खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही, यंत्रणा वरून खाली बघत येते. मात्र पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर पुढच्या फेरीत सहसा जाता येत नाही, म्हणून जिथे खरंच जायचं आहे तेच सर्वात वर. जिथे मिळालं तरी जाणार नाही, ते कॉलेज यादीत टाकू नका.

कॉलेज निवडताना आधी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे का ते बघा. ती नसेल तर पुढे सनदेला अडचण येते. नंतर त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना गाठा आणि विचारा: तास रोज होतात का, पूर्णवेळ प्राध्यापक किती, मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांचं सरावाचं कोर्ट, खरंच भरतं की फक्त फलकावर आहे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं. इमारत आणि लॉन यांवरून काही ठरवू नका. कोर्टाच्या जवळ असलेलं कॉलेज, जिथून दुपारी तुम्ही चालत कोर्टात जाऊ शकता, ते मी शहराबाहेरच्या चकचकीत कॉलेजपेक्षा वर ठेवीन.

नोकरी करता करता लॉ

कायद्याची पदवी पत्रद्वारे किंवा दूरशिक्षणाने होत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते, अपवाद म्हणून 65 पर्यंत सूट मिळू शकते. सकाळचे वर्ग भरवणारी कॉलेजं आहेत, तुमच्या नोकरीची वेळ जुळते का ते प्रत्यक्ष वेळापत्रक बघून ठरवा. "हजेरीचं आम्ही बघतो" असं सांगणारे भेटतील. हजेरीवरून उद्या परीक्षेला बसू दिलं नाही तर ते तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत, आणि न शिकलेला कायदा अशिलाच्या जिवावर बेततो. सरकारी कर्मचाऱ्यांनी विभागाची लेखी परवानगी घेऊनच प्रवेश घ्यावा. पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम 49 आहे. तेव्हा पदवी बढतीसाठी हवी आहे की नोकरी सोडून कोर्टात उभं राहायचं आहे, हे घरात बोलून घ्या.

फी आणि सवलती

शासकीय आणि अनुदानित कॉलेजांची फी विनाअनुदानित कॉलेजांपेक्षा पुष्कळ कमी असते. विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ती संकेतस्थळावर पाहता येते. त्यापेक्षा जास्त मागितली तर लेखी पावती मागा. प्रवेशासाठी देणगी घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे.

शिष्यवृत्ती आणि फीमाफीचे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मागास प्रवर्गांच्या योजना आणि 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठीची शुल्कमाफी, यांतली तुम्हाला कोणती लागू होते ते प्रवेशाआधीच बघा. मुलींची ही शुल्कमाफी कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळते, व्यवस्थापन कोट्याला नाही. संस्थास्तरीय, म्हणजे कॉलेज स्वतः घेतं त्या, फेरीतून जागा घेण्याआधी सवलत टिकेल का हे कॉलेजच्या कार्यालयात लेखी विचारा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आणि आधारशी जोडलेलं बँक खातं, ही तयारी आधीच हवी.

जागा मिळाल्यावर

दिलेल्या मुदतीत कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखवा, फी भरा आणि प्रवेश ऑनलाइन निश्चित झाल्याची पावती घेऊनच बाहेर पडा. मूळ कागद जमा करून घेतले तर त्यांची यादी सही-शिक्क्यासह मागा, आणि त्याआधी सगळ्यांच्या रंगीत स्कॅन व काही साक्षांकित प्रती काढून ठेवा. पदवी दुसऱ्या विद्यापीठातून असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी लगेच अर्ज करा. ते न दिल्याने विद्यापीठाची पात्रता अडकते आणि पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवला जातो. महाडीबीटीचा अर्जही त्याच आठवड्यात भरा, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करायचं आहे हे वहीत लिहून ठेवा.